नाही पटलं तर तेही लिहा

३ ऑगस्ट १९८१
शेवटी आज शाळेचं पुस्तकांचं कपाट उघडलं. जूनपासून मागे लागले होते. ऑफिसातला बाबू म्हणे किल्ली हेडसरांकडे, हेडसर म्हणे बाबूकडे. किल्ली होती बाबूच्या टेबलाच्या खणात, दोघांनाही ठाऊक. खालचा कप्पा उधईनं खाल्लेला. वरची पुस्तकं कोरी करकरीत. एकही पान फाटलेलं नाही. कोणी उघडलीच नाहीत तर फाडणार कोण.

नववी ब ला सांगितलं, प्रत्येकानं एक न्या, पंधरा दिवस ठेवा, वाचून दोन पानं लिहून आणा. गोष्ट सांगू नका, ती मला माहीत आहे. तुम्हाला काय पटलं ते लिहा. नाही पटलं तर तेही लिहा, आणि का ते लिहा.

मागच्या बाकावरून लगेच, "बाई, मार्कं हायेत का याले?"

नाहीत म्हटलं असतं तर निम्मी पुस्तकं बाकावरच राहिली असती. म्हटलं, दहा.

हेडसर व्हरांड्यात भेटले. "अवांतर वाचन चांगलंच बाई. पण अवांतर म्हणजे अवांतर. आधी पोर्शन."

२१ ऑगस्ट
अहवाल आले. वाचून डोकं दुखलं. "मुखपृष्ठ आकर्षक आहे. भाषा सोपी व ओघवती आहे. या पुस्तकातून आपल्याला चांगला बोध मिळतो." वीस जणांची वीस पुस्तकं, बोध एकच. एकानं मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला, खालच्या छापखान्याच्या पत्त्यासकट.

एकच निघालं. बौद्धपुऱ्यातली सुजाता, खिडकीजवळ बसते, वर्गात तोंड उघडत नाही. लिहिते: "पुस्तक अर्धं वाचलं. पुढे वाचवलं नाही. यातल्या आईला कोणीच काही विचारत नाही, सगळे फक्त तिच्या हातचं खातात. लेखकाला वाटते ती सुखी आहे. मला नाही वाटत."

नऊ दिले. एक कापला, अर्धं वाचलं म्हणून. वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. ती मान खाली घालून बसली, पण कानाच्या पाळ्या लाल.

२२ ऑगस्ट
सु. नं ते पुस्तक परत नेलं, उरलेलं अर्धं वाचायला. "एक मार्क कापला ना बाई तुम्ही."

१४ सप्टेंबर
आईला वर्ध्याहून घेऊन आले. दादाच्या बायकोशी पटत नाही, आता माझ्याकडेच. एक खोली, एक पडवी. आई म्हणाली, "बरं हाय. तुही नोकरी पक्की झाली की झालं." नोकरी पक्की व्हायची जूनमध्ये, दोन वर्षं भरली की. तोवर हेडसरांच्या शेऱ्यावर सगळं.

९ ऑक्टोबर
वाचन वाढतंय. म्हणजे पाच-सहा जणांचं. बाकीचे अजून बोधावरच. पण त्या पाच-सहांचं लिहिणं वेगळं होत चाललंय. पाटलाच्या मुलानं चक्क लिहिलं, "यातला राजा मूर्ख आहे." म्हटलं, का? म्हणे, "तो एकाच माणसाचं ऐकते."

सुजाता पाचवं पुस्तक नेऊन राहिली. घरी आजीला वाचून दाखवते म्हणे. आजी मधेच थांबवते, "हे खोटं हाय, पुढचं वाच."

१९ नोव्हेंबर
वर्ग अर्धा रिकामा. कापूस वेचणी. सु. सुद्धा आठवडाभर नाही. आली तेव्हा बोटांना चिरा. पुस्तक मात्र पिशवीत घालून शेतात नेलं होतं, वर कापसाचे तंतू चिकटलेले. कपाटात बंद राहून खराब होण्यापेक्षा हे बरं.

२७ नोव्हेंबर
हेडसरांनी बोलावलं. खूश होते. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, त्यांनी वडिलांचं चरित्र लिहिलंय. वडील म्हणजे तात्याजी, ज्यांनी ही शाळा काढली, ऑफिसात ज्यांचा हार घातलेला फोटो आहे ते. जानेवारीत पुण्यतिथीचा कार्यक्रम. नववीच्या प्रत्येक मुलाला चरित्राची एक प्रत फुकट, प्रत्येकानं अहवाल लिहायचा, सर्वात चांगला स्टेजवर वाचायचा, बक्षीस.

"तुमचाच उपक्रम बाई. भाऊसाहेबांना फार आवडला."

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. आईला सांगितलं. तिनं शेजारणीला सांगितलं.

३० नोव्हेंबर
चरित्र मी पण वाचलं. गुळगुळीत कागद. तात्याजी कधी चुकत नाहीत, कधी रागवत नाहीत, कधी आजारीही पडत नाहीत. मुलांना काय सांगायचं? ऑगस्टमध्ये सांगितलं तेच सांगितलं. दुसरं काही सांगता आलं असतं? सांगायला हवं होतं, की या वेळी फक्त...

नाही सांगितलं.

१४ डिसेंबर
चरित्रावरचे अहवाल तपासले. बोध, बोध, बोध. मग सुजाताचं. ते इथं उतरवून ठेवते.

"या पुस्तकात पान बावीसवर लिहिलं आहे की तात्याजींनी स्वतःच्या खर्चाने विहीर खणली आणि ती साऱ्या गावाला खुली केली. पान एक्काहत्तरवर लिहिलं आहे की तात्याजी फार दयाळू होते, उन्हात काही बायका घागरी घेऊन विहिरीपासून दूर उभ्या राहत, तेव्हा ते त्यांना पाणी ओतून देत. विहीर साऱ्या गावाची होती तर त्या बायका दूर का उभ्या होत्या? त्या गावातल्या नव्हत्या का? लेखकाने सांगितलं नाही. मला वाटते त्याला दोन्ही पानं खरी वाटतात. त्या बायकांत माझी आजी होती. आजी म्हणते, तात्याजींनी कधी ओतलं नाही, त्यांचा गडी ओतत होता, आणि त्याच्या मनात नसलं तर तोही नाही. म्हणून मला पान एक्काहत्तर अर्धं पटलं आणि पान बावीस पटलं नाही. छपाई चांगली आहे."

तीनदा वाचलं. शिकवायला लागल्यापासून माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यानं कोणतंही पुस्तक इतकं नीट वाचलेलं नाही. मी स्वतः ती दोन्ही पानं वाचली होती, पंधरा दिवसांपूर्वी. मला दिसलं नव्हतं.

दहा दिले.

१५ डिसेंबर
सगळे अहवाल भाऊसाहेबांकडे पाठवा, असा हेडसरांचा निरोप. ते स्वतः पाहणार.

मधल्या सुट्टीत सु. ला बाहेर बोलावलं, निंबाखाली. म्हटलं, तुझं फार चांगलं झालंय. पण ते वाचणार आहेत. पाठवू का?

सु. म्हणाली, "तुम्हीच म्हणल्या ना बाई, नाई पटलं तं लिहा."

"हो, पण..."

"मंग पाठवा."

पाठवलं.

आई रात्री जेवताना, "तुले काय करा लागते त्यायच्या विहिरी? आपल्या घरी नळ हाय."

२१ डिसेंबर
भाऊसाहेब शाळेत आले. वाटलं होतं आरडाओरडा होईल. काही नाही. पांढरा शर्ट, तोंडात सुपारी, हसरा चेहरा. सुजाताला ऑफिसात बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. "हुशार पोरगी हाय. आपल्या जिनिंगमधल्या देवरावची ना तू?"

ती हो म्हणाली. तिला वर्गात पाठवलं. मग मला म्हणाले, "पहिला नंबर हिचाच बाई. भाषा पहा किती स्वच्छ. फक्त ते विहिरीचं तेवढं काढून टाका. मधला भाग. बाकी ठेवा."

बाकी काय राहतं? छपाई चांगली आहे.

म्हटलं, "सर, तिनं मनाचं काही लिहिलेलं नाही. दोन्ही पानं तुमचीच आहेत."

"पानं माझीच हायेत." हसले. "वाचाचं कसं, हे तुम्ही शिकवलं."

हेडसर टेबलावरची टाचणी इकडून तिकडे करत होते.

मी म्हटलं, मी नाही काढणार. भाऊसाहेब उठले, चपला घातल्या. "तुम्ही नका काढू. तुमच्यावर जबरदस्ती नाई." जाताना दारात तात्याजींच्या फोटोला हात जोडले.

इंग्रजीच्या सरांनी तासाभरात नवा अहवाल लिहून दिला. सुंदर अक्षर त्यांचं. त्यात विहीर आहे. बायका नाहीत.

२३ डिसेंबर
सु. नं तो कागद घ्यायला नकार दिला. इं. सरांच्या टेबलावर ठेवून वर्गात येऊन बसली. मला, लिहू नये पण, आनंद झाला. घरी येताना पाय हलके.

२५ डिसेंबर
दिवेलागणीला तिचे वडील आले. देवराव. भाऊसाहेबांच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहतात, सीझनपुरतं काम. दारात उभे. आत या म्हटलं, आले नाहीत, पडवीच्या कडेला बसले.

"बाई, पोरगी आयकून नाई राह्यली. दोन दिवस झाले जेवली नाई. तुमचं आयकते थे."

मी म्हटलं, तिचं काही चुकलेलं नाही देवरावभाऊ.

"चुकलं कोन म्हन्ते? माह्या मायनं सांगतलं थे खरंच हाय. मीबी लहानपनी पायलं हाय. पर जिनिंगमंदी मले काल मुकादमानं इचारलं, पोरगी काय लिवून राह्यली म्हने. हासून इचारलं. हासून इचारते ना मानूस, तवा भेव वाटते. तुमी वाचाले शिकोलं, चांगलं केलं. आता एकडाव तिले सांगा, वाचून टाक म्हना. एकच डाव."

आई चहा घेऊन आली. तो कप बघितला. कान तुटलेला, मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला, तो. घरात सहा चांगले कप आहेत. मी उठून बदलू शकत होते. देवरावांनी तो घेतला, चहा प्याले, उठून अंगणातल्या नळावर विसळला, आणि पायरीवर उपडा ठेवला. कोणी न सांगता.

मी बसून पाहिलं.

ते गेल्यावर आईला बोलले, खूप बोलले. आई म्हणाली, "त्याले वाईट नाई वाटलं, तुलेच काऊन वाटून राह्यलं?"

मोठी निघाले होते भाऊसाहेबांना पानं दाखवायला.

२६ डिसेंबर
सु. ला सांगितलं. काय सांगितलं ते लिहवत नाही. एवढंच, की बाबांचा विचार कर. ती म्हणाली, "बरं." "बरं" इतका छोटा शब्द.

१२ जानेवारी १९८२
कार्यक्रम झाला. मांडव, लाऊडस्पीकर, आर्वीहून आलेले पाहुणे. सुजाता निळ्या रिबिनी लावून स्टेजवर गेली. मी मनात म्हणत होते, अडखळ. एक शब्द चुकव. थांब मधेच. लहान मुलीवर आपण काय काय टाकतो.

ती अडखळली नाही. एकेक शब्द स्वच्छ, स्वल्पविरामासकट. "तात्याजींनी स्वखर्चाने विहीर खणून ती सर्व गावासाठी खुली केली" हे वाक्य बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं. पाठ केलं होतं, कागदाकडे बघत नव्हती. समोर बघत होती, लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे. टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी स्वतः बक्षीस दिलं. पुस्तकाच्या वाचनाबद्दल स्टीलचा डबा.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हेडसरांनी पाहिलं. एवढंच केलं मी, हात मांडीवर ठेवले. पराक्रमच म्हणायचा.

१८ जानेवारी
कपाट ऑफिसात हलवलं, "सुरक्षिततेसाठी." वाचनाचा तास गेला. त्या तासाला आता सुविचार पाठांतर.

माझ्या घरची चार पुस्तकं नेली होती, सु. ला त्यातलं एक पुढे केलं. हात मागे घेतला तिनं.

"मले नाई पाहिजे बाई."

"न लिहिता वाच. अहवाल नको."

"वाचलं का मंग दिसते." आणि गेली.

९ फेब्रुवारी
पाटलाच्या मुलानं विचारलं, बाई, ते राजाचं पुस्तक पुन्हा मिळेल का. ऑफिसात विचार म्हटलं. गेला. बाबू म्हणाला, परीक्षेनंतर ये. परीक्षेनंतर सुट्टी.

इं. सर स्टाफरूममध्ये माझ्याशी फार गोड बोलतात हल्ली. आज म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका. मी काही मनानं लिहिलं नाही ते." म्हटलं, तेच तर दिसतं वाचताना. हसण्यावारी नेलं त्यांनी.

२ एप्रिल
आईशी अबोला संपला. कान तुटका कप मी फेकून दिला, तिनं उकिरड्यावरून आणला, मी परत फेकला. आता तो नाही. पण देवराव पुन्हा आलेच नाहीत. बदललं म्हणजे नेमकं काय बदललं, कोणासाठी.

२८ एप्रिल
निकाल. सुजाता वर्गात दुसरी. मराठीत सगळ्यात जास्त. उत्तरपत्रिका मीच तपासली. निबंध होता "माझे आवडते पुस्तक". तिनं तो सोडून दुसरा घेतला, "पावसाळ्यातील एक दिवस". शुद्धलेखनाची एक चूक नाही. कोणीही लिहिला असता असा निबंध. गुण द्यावेच लागले.

३ मे
हेडसरांनी तोंडी सांगितलं. माझी कायमची ऑर्डर यंदा नाही. "काम चांगलं आहे, पण अजून थोडा अनुभव हवा, असं संस्थेचं मत." लेखी मागितलं. म्हणाले, लेखी घेतलंत तर तुम्हालाच त्रास. संस्थेला आणखी एक वर्ष बघायचं आहे म्हणे. काय बघायचं आहे, तेही सांगितलं जवळजवळ: "चार लोकांत मिसळत जा बाई. कार्यक्रमाला टाळ्या वाजवत जा."

आईला अजून सांगितलं नाही. ती पडवीत कुरडया घालून राहिली.

१६ मे
तळेगावच्या बाजारात सु. ची आई दिसली, मिरच्या घेत होती. मी थांबले. ती पण थांबली. देवरावांचं काम? "पाह्यलं नं बाई, सीझन संपला. पुढच्या सीझनले घेतो म्हन्ले." घेतीलच असं? "म्हन्ले तं हायेत."

म्हणजे स्टेजवर वाचूनही काही पक्कं नाही. ना त्यांचं, ना माझं.

२१ जून
शाळा सुरू. दहावीत सु. चं नाव आहे, ती नाही. आईला ऑर्डरचं आजच सांगितलं. ती पोळ्या करत राहिली, एक करपली.

२५ जून
आज आली. दप्तर नाही. देवराव सोबत. टी.सी. मागायला. वर्गशिक्षिका म्हणून अर्जावर सही माझी.

देवराव म्हणाले, पवनारले तिची मावशी हाय, तिथं ठेवतो, तिथून वर्ध्याले शाळेत जाईन, मोठी शाळा. खाली बघून म्हणाले. ते ऑफिसात गेल्यावर मी सुजाताला विचारलं, खरंच शाळेत घालणार आहेत?

"मावशीले लहान लेकरं हायेत. थे कामाले जाते. लेकरं कोनाजवळ ठेवन?"

"मग शाळा?"

"बाबा म्हन्ते दोन्ही होईन." खांदे उडवले. सहा महिन्यांत उंच झाली आहे, माझ्याएवढी. मग अचानक, माझ्याकडे सरळ बघून, "बाई, त्या दिवशी तुम्ही मले विचारलं होतं, पाठवू का. मी नाई म्हनले असते तं नसतं पाठवलं?"

"नसतं," मी म्हटलं.

"मंग मलेच काऊन विचारलं?"

रागानं नाही. वर्गात शंका विचारतात तसं. वडिलांनी हाक मारली, गेली.

अर्ज समोर आहे. हेडसर म्हणाले, आजच द्या सही, पोरीचं नुकसान नको. मी म्हटलं, उद्या. का म्हटलं? सही केली तर ती पवनारला जाईल, तिथं शाळेत जाईल किंवा लेकरं सांभाळेल. नाही केली तर ती दहावीत या बाकावर बसेल, या ऑफिसासमोर, आणि बाप पुढच्या सीझनची वाट बघेल. यातलं कशाला मी चांगलं म्हणू? आणि माझं काय, मला कोण इथं वर्षभरापुढे ठेवतंय.

उद्या सकाळी बौद्धपुऱ्यात जाऊन येते. देवराव कामाला निघायच्या आत. मावशीचं गाव, शाळेचं नाव, कोण नेऊन घालणार, सगळं विचारते. या वेळी पोरीला नाही विचारणार. तिच्या आजीशी पण बोलायला हवं. मी त्या घरी आजवर एकदाही गेलेली नाही.